दुखत नाही म्हणून दुर्लक्ष नको : गर्भारपण आणि रक्तदाब



आम्ही वस्तीत घरोघरी फिरतो तेव्हा गरोदर भगिनींकडून एकच उत्तर वारंवार ऐकतो : "मला काही होत नाही, मग दवाखान्यात कशाला जाऊ?" आजचे आमचे बोलणे या एका वाक्याविषयीच आहे. गर्भारपणात वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत नाही, खुपत नाही. तो मोजला तरच कळतो.

रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक भरला, तर तो वाढलेला समजावा. विसाव्या आठवड्यानंतर तो वाढला आणि लघवीतून प्रथिने जाऊ लागली, तर त्या विकाराला प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात. त्याने आईचे मूत्रपिंड, यकृत व मेंदू यांना इजा पोहोचते. बाळाची वाढ खुंटू शकते. पहिलटकरीण, जुळी बाळे असलेली, मधुमेह किंवा आधीचा रक्तदाब असलेली स्त्री यांना धोका अधिक.

तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, पोटाच्या वरच्या भागात कळ, चेहऱ्यावर व हातांवर एकाएकी सूज, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. रक्तदाब १६०/११० वर गेला, तर तोही तातडीचा प्रसंग आहे.

पुढे झटके येतात. तेव्हा "बाहेरचे झाले" म्हणून अंगारा लावण्यात जी वेळ जाते, ती माउलीच्या जिवावर बेतते. ही बाधा नव्हे, आजार आहे आणि त्यावर औषध आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, ३३ देशांतील सुमारे १०,००० स्त्रियांच्या अभ्यासात मॅग्नेशियम सल्फेटने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी झाल्याचे दिसले.

बाळंतपण झाले म्हणजे सुटलो, असेही नाही. झटके बाळंतपणानंतरही येऊ शकतात. म्हणून बाळंतिणीचाही रक्तदाब मोजून घ्यावा.

२०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. विद्यार्थी मित्रांनो, घरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करा. आपली ताई, आपली वहिनी हिच्यासोबत जा आणि रक्तदाबाचा आकडा कार्डावर लिहून घ्या. सासूबाईंनी व पतीराजांनी त्या दिवशी घरकामाची सबब सांगू नये, एवढीच आमची हात जोडून विनंती.