दिवाळीचा किल्ला

१७३४ साली बडोदे गायकवाडांच्या हाती आले, आणि पुढे आपली मराठी घरे येथे रुजली. आज आपली मुले शाळेत गुजराती वा इंग्रजी शिकतात. बुरूज, माची, तटबंदी हे शब्द त्यांच्या कानी पडावेत कोठून? दिवाळीच्या सुटीत किल्ला करताना ते सहज पडतात. विटादगडांवर गोणपाट, त्यावर चिखल, वर अळीव पेरले की चारसहा दिवसांत हिरवळ उगवते. हल्ली तयार किल्ला विकत मिळतो. पण तो आणला की आजोबांना विचारण्यासारखे काही उरत नाही. तेव्हा फराळाच्या धांदलीत चिखलाचे हात पाहून रागावू नका; वडीलधाऱ्यांनी घटकाभर मुलांजवळ बसावे, एवढी विनंती आहे.