समन्स पोचलं, साक्ष पोचली का?

(साक्षीदार स्त्रियांना सोबत करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



साक्षीदाराला कोर्टात कसं बोलावतात, समन्सचा कागद कसा असतो, हे दुपारच्या सत्रात वकीलबाई सांगणारच आहेत. मी तुम्हाला जरा लांब, अमेरिकेत घेऊन जाणार आहे. ॲरिझोना प्रांतात, मेक्सिकोच्या सीमेजवळ टूमस्टोन नावाचं गाव आहे. 1877 साली तिथे चांदी सापडली, 1879 मध्ये गाव वसलं, आणि बघता बघता खाणमालक, मजूर, जुगारी, गुरं पळवणारे, वकील, वर्तमानपत्रवाले असा सगळा पसारा तिथे जमला. 26 ऑक्टोबर 1881 ला भर दुपारी या गावात गोळीबार झाला. अर्ध्या मिनिटात तीन माणसं मेली. मारणारे होते गावचा पोलीसप्रमुख व्हर्जिल अर्प, त्याचे भाऊ वायट आणि मॉर्गन, आणि त्यांचा मित्र डॉक हॉलिडे. यावर ढिगाने सिनेमे निघाले. त्यांत बंदुका भरपूर दिसतात, महिनाभर चाललेलं कोर्ट फारसं दिसत नाही.

ते कोर्ट स्थानिक मॅजिस्ट्रेटचं होतं, वेल्स स्पायसर त्याचं नाव. खटला वर पाठवण्याइतका पुरावा आहे का, एवढंच त्याला ठरवायचं होतं. सुमारे तीस साक्षीदार झाले. आता गंमत पाहा. समन्स बजावायचं काम अशा गावात शेरीफकडे नाहीतर शिपायाकडे असे. इथे शेरीफ बिहान हा स्वतःच फिर्यादी पक्षाचा मोठा साक्षीदार, आणि गावचा पोलीसप्रमुख आरोपी! म्हणजे दार वाजवणारा एका पक्षाचा, आणि जिच्याविरुद्ध बोलायचं ती माणसं दुसऱ्या पक्षाची. अशा वेळी ज्या बाईला रोज त्याच रस्त्याने बाजारात जायचंय, तिने काय करावं?

तरीही बायका आल्या. मार्था किंग ही घर सांभाळणारी बाई त्या दिवशी मटण घ्यायला खाटकाच्या दुकानात गेली होती. अर्पमंडळी दारावरून जाताना त्यांच्यातला एकजण 'होऊन जाऊ दे' अशा अर्थाचं बोलला आणि हॉलिडेने 'ठीक' म्हटलं, हे तिने ऐकलं होतं. तिने ते कोर्टात सांगितलं. उलटतपासणीत तिला पुष्कळ खोदून विचारलं, ती आपल्या जागी राहिली.

दुसरी ॲडी बोरलंड. बायकांचे कपडे-टोप्या शिवणारी, आणि तिचं घर बरोबर रस्त्यापलीकडे. फिर्यादींचं म्हणणं असं की मेलेल्यांनी हात वर केले होते, तरी गोळ्या घातल्या. सगळा खटला त्या हातांवर अडला होता. ॲडीची साक्ष झाली, पण त्रोटकच. मग स्पायसरने काय केलं? जेवणाच्या सुट्टीत तो तिच्या घरी गेला, तिच्याशी बोलला, आणि तिला पुन्हा पिंजऱ्यात बोलावलं. फिर्यादी वकिलांनी हरकत घेतली. तेव्हा तो म्हणाला की हिला अजून काही माहीत आहे असं मला वाटलं. या वेळी ॲडीने सांगितलं की कुणी हात वर केलेले मी पाहिले नाहीत, दोन्हीकडून एकदमच गोळ्या सुटल्या. 30 नोव्हेंबरच्या निकालात तिच्या या साक्षीचा स्पष्ट आधार घेतलेला आहे. आरोपी सुटले.

मला विचाराल तर, मॅजिस्ट्रेटने हे करायला नको होतं. साक्षीदाराच्या घरी बंद दाराआड काय बोलणं झालं, हे दुसऱ्या पक्षाला कळायला मार्ग नाही. पण त्याला जे सुचलं त्यात आपल्या ओळखीचंही काहीतरी आहे. भर कोर्टात पुरुषांच्या गर्दीत न बोललेली बाई आपल्या घरात बोलते, हे आपण रोज पाहतो. समन्स बाईला कोर्टापर्यंत आणतं. तिथे तिला विचारायचं कसं, हे त्या कागदावर लिहिलेलं नसतं.

तिसऱ्या बाईची हकीकत मात्र कुठल्या सिनेमात नीट सांगितलेली मी तरी पाहिली नाही. 18 मार्च 1882 च्या रात्री मॉर्गन अर्पला गोळी घालून मारलं. मृत्यूच्या चौकशीत कॉरोनरपुढे मारिएटा डुआर्टे उभी राहिली. ती मेक्सिकन बाई, पीट स्पेन्सची बायको. तिने सांगितलं, की मॉर्गन दारावरून जाताना नवऱ्याने साथीदाराला 'हाच तो' म्हणून दाखवला होता. खुनाच्या रात्री माणसं बंदुका घेऊन घरी आली, घाबरलेली होती. सकाळी नवऱ्याने त्यांच्यासाठी नाश्ता करायला सांगितलं, भांडण झालं, त्याने तिला आणि तिच्या आईला मारलं, गोळी घालीन अशी धमकी दिली. हे सगळं तिने शपथेवर सांगितलं, आणि चौकशीच्या पंचांनी स्पेन्ससकट संशयितांची नावं घेतली.

पुढे स्पेन्सविरुद्ध प्रकरण कोर्टात आलं. सरकारपक्षाने मारिएटाला बोलावलं. बचावाच्या वकिलाने हरकत घेतली की ही ऐकीव गोष्ट आहे, शिवाय बायकोला नवऱ्याविरुद्ध साक्ष देता येत नाही. तिची साक्ष बाजूला पडली आणि आरोप काढून टाकले गेले. जिने मार खाऊन तोंड उघडलं, तिचं तोंड कायद्याने मिटलं. ती बायको होती, एवढंच कारण. अमेरिकेच्या केंद्रीय कोर्टांत हा नियम 1980 मध्ये बदलला. साक्ष द्यायची की नाही हे बोलणाऱ्या जोडीदारानेच ठरवायचं, नवऱ्याने तिला अडवायचं नाही, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडे कसं? मारिएटाच्या आधी दहा वर्षं, 1872 च्या साक्षीपुराव्याच्या कायद्यात, फौजदारी खटल्यात नवरा-बायको एकमेकांविरुद्ध साक्ष देऊ शकतात असं लिहिलेलं होतं. गोम पुढच्या कलमात आहे. लग्नाच्या काळात नवरा बायकोला खासगीत जे बोलला, ते तिला कोर्टात सांगता येत नाही. तिच्याविरुद्धच गुन्हा असेल किंवा दोघांचाच दावा असेल, तर सांगता येतं. 2023 च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही (कलम 128) ही तरतूद आहे. पण 1954 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राम भरोसे खटल्यात एक फरक केला. नवरा काय बोलला हे बायकोला सांगता येणार नाही, पण तो काय करताना तिला दिसला, पहाटे छपरावरून उतरला, अंघोळ केली, हे सांगता येतं. म्हणजे मारिएटाने पाहिलेल्या बंदुका आणि घाबरलेले चेहरे इथे चालले असते.

समन्सचंही ऐका. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, ज्याच्या नावाचं समन्स तो घरी सापडला नाही, तर घरातल्या सज्ञान पुरुषाकडे ते ठेवायची सोय होती. पुरुषाकडेच! बाईच्या नावाचा कागद सासरा किंवा दीर घेणार, आणि तो तिच्या हाती द्यायचा की चुलीत घालायचा हे तेच ठरवणार. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या संहितेत (कलम 66) 'पुरुष' हा शब्द गेला आहे. आता घरातल्या सज्ञान बाईलाही समन्स घेता येतं. पन्नास वर्षं लागली. अर्थात सासूने घेतलं तरी सुनेला मिळेलच असं नाही, म्हणून तारीख कोर्टातून स्वतः काढून तिला सांगायची सवय आपल्याला ठेवायला हवी.

दुपारच्या सत्राला येताना वहीत दोन रकाने आखून आणा. तुमच्याकडे आलेल्या एखाद्या बाईची हकीकत नाव न लिहिता त्यात मांडा. एकात 'तो म्हणाला', दुसऱ्यात 'मी पाहिलं'. कुठल्या रकान्यात काय टिकतं, ते वकीलबाई पाहून सांगतील.