लष्करी पट्ट्याची पारख

माझ्या वडिलांना दुसऱ्या महायुद्धांत मिळालेला लष्करी सुती पट्टा मीं शाळकरी वयांत दप्तराला बंद हवा म्हणून कापला. वडील कांहीं बोलले नाहींत. निवृत्तीनंतर नगरच्या बाजारांत तसाच एक दिसला. तो भरपूर दाम मोजून घेतला आणि पाथर्डीस येऊन माळ्यावरील जुन्या तुकड्याशेजारीं ठेवला. तेव्हां डोळे उघडले.

१९३७ च्या नमुन्याचा सरकारी पट्टा सव्वादोन इंच रुंद व दुपदरी विणीचा. टोकांचे पितळी आंकडे अडकवावयाचे अरुंद कप्पे आंतून विणींतच असतात. माझ्या खरेदींत ते मागाहून शिवलेले होते. पितळ म्हणून दाखविलेले आंकडे लोहचुंबकास चिकटले. शिपाई पट्ट्यास ब्लँको नांवाची वडी ओली करून चोळीत. तिचीं पुटें धाग्यांत मुरतात. येथें तीं नव्हतीं. शिक्क्यावर मात्र विसंबूं नये. बाण, कारखान्याचें नांव व सन हीं तिन्ही नकलेवरही उमटवितां येतात. उलट खऱ्यावरील शाई धुण्यानें पुसटते. १९३७ हा नमुन्याचा सन, घडणीचा नव्हे, हेंही ध्यानीं असावें.

आमच्या तुकड्यावर अर्धा बाण राहिला आहे. उरलेला माझ्या कात्रीखालीं गेला.