उन्हाळ्याच्या तोंडावर घरची बाग
(संस्थेच्या मासिक सभेत केलेले भाषण)



तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना विनम्र अभिवादन करून आम्ही आज एका साध्या विषयावर बोलणार आहोत. उन्हाळा सुरू होताना घरची बाग कशी सांभाळावी, हा तो विषय. या व्यासपीठावर भेंडीचे आणि मोगऱ्याचे काय काम, असे कोणी विचारील. परंतु मार्च महिन्यातील बाग म्हणजे मुळात पाण्याचा प्रश्न, आणि पाण्याचा प्रश्न आपल्याला परका नाही.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. महाड तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातले. आपले खांदेश्वरही याच जिल्ह्यात. ज्या तळ्यावर गुरांना मोकळीक होती, तेथे माणसांना मज्जाव होता. पुढे खटला चालला आणि मुंबई उच्च न्यायालयाने प्रतिपक्षाचे अपील फेटाळायला १७ मार्च १९३७ हा दिवस उजाडला. दहा वर्षे लढून मिळालेल्या हक्काचे आपण वारस आहोत. आपली बाग जरूर फुलावी. पण ती कोणाच्या पिण्याच्या पाण्यावर फुलू नये.

आपल्याकडे पाऊस भरपूर पडतो, पण तो मुख्यतः जून ते सप्टेंबरमध्येच. म्हणून जमा पाहून खर्च करावा लागतो. तांदूळ, डाळी, भाज्या धुतलेले पाणी बादलीत धरावे आणि त्याच दिवशी झाडांना घालावे. मिठाचे पाणी मात्र घालू नये. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून वाया जाणाऱ्या पाण्यात क्षार जास्त असतात. ते लादी पुसायला वापरावे.

पाणी भल्या सकाळी किंवा दिवस मावळल्यावर द्यावे. आधी बोट मातीत खुपसून पाहावे. आत ओल असेल तर त्या दिवशी पाणी नको. कुंडीतल्या मातीवर वाळक्या पानांचा दोन-तीन बोटे जाड थर पसरावा, म्हणजे ओल टिकते. मोठ्या कुंडीत किंवा वाफ्यात एक भाजलेल्या मातीचे, बिनझिलईचे मडके गळ्यापर्यंत पुरून त्यात पाणी भरावे व वर झाकण ठेवावे. माती कोरडी होईल तसे मडक्यातले पाणी पाझरते आणि थेट मुळांना मिळते.

भेंडी, गवार, चवळी या भाज्या उन्हाला भीत नाहीत. दुधीच्या वेलाला फुले येतात पण दुधी धरत नाही, अशी तक्रार पुष्कळ जण करतात. वेलावर नर आणि मादी फुले वेगळी असतात. मादी फुलाच्या मागे इवलासा दुधी दिसतो. दुधीचे फूल संध्याकाळी उमलते. वरच्या मजल्यावर किडे-पाखरे कमी येतात, म्हणून नर फूल तोडून त्याचा पराग मादी फुलाला आपणच हलकेच लावावा. लिंबाला कधी भरमसाट, कधी मुळीच पाणी नाही, असे केले तर फळे गळतात. मोगऱ्याला सकाळचे ऊन हवे. बहर ओसरला की फांद्यांचे शेंडे खुडावेत, नवीन फुटीवर पुन्हा कळ्या येतात. वैशाखी पौर्णिमेला विहारात वाहायला घरची फुले असावीत, याहून समाधान ते कोणते!

कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो. पाखरांसाठी ठेवलेले भांडेही रोज घासून भरावे.

बोधिवृक्षाविषयी आपल्याला आदर आहे, तरी पिंपळाचे रोप गच्चीच्या किंवा भिंतीच्या भेगेत वाढू देऊ नये. त्याची मुळे भिंत फोडतात. ते अलगद काढून कुंडीत जगवावे आणि पावसाळ्यात मोकळ्या जागी लावावे.

संयुत्त निकायातील वनरोप सुत्तात भगवंतांनी झाडे लावणाऱ्यांबरोबर पाणपोई व विहिरींची सोय करणाऱ्यांचेही पुण्य रात्रंदिवस वाढते असे सांगितले आहे. सम्राट अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखातही माणसांसाठी आणि पशूंसाठी झाडे लावल्याचा व विहिरी खोदल्याचा उल्लेख आहे. दोन्ही ठिकाणी झाड आणि पाणी जोडीने येतात, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

म्हणून आमची एक विनंती आहे. आपल्या इमारतीच्या फाटकाशी सावलीत एक माठ ठेवावा. पहारेकरी, झाडूवाले, घरकामाच्या बाया, सामान पोचवणारी मुले, सर्वांनी त्यातले पाणी प्यावे, आणि सर्वांना पेला एकच असावा. कामाला येणाऱ्यांसाठी वेगळा पेला ठेवणारी घरे आजही आहेत. महाडला ओंजळ भरली ती असला भेद मोडण्यासाठीच. बागेला पाणी घालण्यापूर्वी तो माठ भरलेला आहे का, एवढे रोज पाहावे.

 जयभीम! नमो बुद्धाय!