एका अक्षराचें ओझें



महोत्सवाच्या या व्याख्यानासाठीं आम्हीं पाप, अपराधाची बोच आणि सूड हा विषय घेतला आहे. मांडवाला तोरणें बांधलेलीं असतां असा विषय कडू वाटेल खरा. परंतु कृष्णाकाठीं वाढलेल्या माणसास तो परका नाहीं. ‘ध चा मा करणें’ हे शब्द आपल्या घरोघर बोलले जातात. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत गारद्यांनीं अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्याचा खून केला. चुलते रघुनाथराव यांनीं गारद्यांस दिलेल्या पत्रांत ‘धरावें’ असें होतें, आणि आनंदीबाईनें त्याचें ‘मारावें’ केलें, ही कथा सर्वतोमुखीं आहे. तिला कागदाचा पुरावा नाहीं, हें येथेंच सांगितलेलें बरें. सगळें खापर एका बाईच्या माथीं फोडणें सोयीचें असतें, हेंही त्या कथेच्या लोकप्रियतेचें एक कारण असावें असें आम्हांस वाटतें.

या खुनाचा शोध केला तो साताऱ्याजवळच्या माहुलीच्या रामशास्त्री प्रभुण्यांनीं. आणि त्यावर ‘भाऊबंदकी’ हें नाटक १९०९ सालीं रंगभूमीवर आणलें तें सांगलींत जन्मलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनीं. म्हणजे गुन्हा पुण्याचा असला, तरी त्याचा न्याय सांगणारा आणि तो न्याय लोकांपुढें उभा करणारा, हे दोघेही आपल्याच मुलखांतले.

साताऱ्यास इंग्रजांचा रेसिडेंट म्हणून राहिलेल्या ग्रँट डफनें १८२६ च्या आपल्या इतिहासांत हा प्रसंग नोंदविला आहे. त्यांतील एक बारकावा आम्हांस फार मोलाचा वाटतो. रघुनाथरावानें सर्वच नाकारलें नाहीं. पुतण्यास धरण्याची आज्ञा आपण दिली, मारण्याची नव्हे, एवढें त्यानें कबूल केलें. आणि प्रायश्चित्त काय, असें शास्त्रीबुवांस विचारलें. पाप अर्धें सांगावयाचें आणि प्रायश्चित्त मात्र पुरें मागावयाचें, अशी ही रीत. शास्त्रीबुवांनीं उत्तर दिलें कीं, देहान्ताशिवाय या पापास प्रायश्चित्त नाहीं. आणि हा मनुष्य गादीवर असेपर्यंत आपण त्याची चाकरी करणार नाहीं. ते पुणें सोडून वाईजवळच्या एका खेड्यांत जाऊन राहिले. रघुनाथराव मात्र गादीच्या लोभानें १७७५ सालीं इंग्रजांकडे गेला, त्यांतून सात वर्षें लढाई पेटली, आणि १७८३ मध्यें कोपरगांवीं त्याचा अंत झाला.

आतां याच अक्षराची दुसरी एक कथा पाहूं. अमेरिकन ग्रंथकार नथानियल हॉथॉर्न यानें १८५० सालीं ‘द स्कार्लेट लेटर’, म्हणजे तांबडें अक्षर, ही कादंबरी प्रसिद्ध केली. सेलम गांवीं १६९२ सालीं चेटकिणी ठरवून ज्यांस फांसावर चढविलें, त्यांच्या खटल्यांत त्याचा एक पूर्वज न्यायाधीश होता. तेव्हां कठोर न्यायाची गोष्ट लिहिण्यास त्यास दूर जावें लागलें नाहीं. काळ सतराव्या शतकाचा, स्थळ प्युरिटन लोकांचें बोस्टन. हेस्टर प्रिन ही विवाहित स्त्री, पति समुद्रापलीकडे, आणि तिच्या कडेवर तान्हें मूल. गांवानें तिला तीन तास चव्हाट्यावरील मचाणावर उभें केलें, आणि व्यभिचाराचें आद्याक्षर ‘ए’ तांबड्या कापडाचें करून छातीवर कायमचें लावण्याची शिक्षा दिली. मुलाच्या बापाचें नांव तिनें सांगितलें नाहीं. तें विचारण्याचें काम ज्या तरुण धर्मोपदेशकाकडे आलें, तो आर्थर डिम्सडेल हाच तो बाप होता.

या डिम्सडेलपाशीं आपण थोडें थांबूं, कारण ग्रंथाचा गाभा तेथेंच आहे. हेस्टरचें पाप सर्वांनीं पाहिलें, म्हणून तिला तें शिवणकाम करीत, आजाऱ्यांची शुश्रूषा करीत उजळ माथ्यानें वाहतां आलें. याचें पाप कोणीं पाहिलें नाहीं, म्हणून तें आंतून पोखरीत राहिलें. तो उपास करी, रात्रीं जागे, खोलीचें दार लावून अंगावर आसूड ओढी. (ही चाल रोमची, असा टोला ग्रंथकारानें येथें हाणला आहे. आम्ही तो हसून सोडून देतों. रोमच्या रीतींत आसुडाच्या आधीं जीभ हलवावी लागते.) व्यासपीठावर तर तो आपण अत्यंत नीच पापी आहों असें वारंवार म्हणे. लोक काय समजत? केवढा हा विनय! त्याची कीर्ति वाढे. आणि तसेंच होणार, हें त्यासही ठाऊक असे. मोघम पापनिवेदन हा लपण्याचा सर्वांत सुरक्षित कोपरा आहे, हें हॉथॉर्नइतकें स्पष्ट कोणीं दाखविलें असेल असें आम्हांस वाटत नाहीं. रघुनाथरावानें ‘धरावें’ एवढेंच कबूल केलें. यानें ‘पापी’ एवढेंच कबूल केलें.

तिसरा माणूस सुडाचा. हेस्टरचा पति नांव बदलून, रॉजर चिलिंगवर्थ म्हणून, गांवांत वैद्यकी करूं लागला. त्यानें धर्मोपदेशकास विष दिलें नाहीं, शस्त्र उगारलें नाहीं. तो त्याच्याच घरांत राहिला, नाडी पाहूं लागला, आणि रोज हळूच त्या जखमेवर बोट ठेवूं लागला. हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनीं ‘झुंझारराव’मध्यें ऑथेल्लोची कथा मराठींत आणली, तींतला कपटी मित्रही बोलून बोलूनच मारतो, पण त्यास निदान घाई असते. चिलिंगवर्थला रोगी जिवंत हवा होता. सात वर्षांनीं डिम्सडेलनें त्याच मचाणावर चढून सर्वांदेखत आपलें पाप सांगितलें आणि प्राण सोडला, तेव्हां हा वैद्य वर्षाच्या आंत सुकून मेला. खाद्य संपलें. मरतांना त्यानें आपली मिळकत हेस्टरच्या मुलीस, पर्लला, ठेवली, हें मात्र वाचतांना आम्ही दर खेपेस थबकतों.

बोस्टनच्या त्या लोकांनीं एक गोष्ट मोडून टाकिली होती आणि तिच्या जागीं दुसरी उभी केली होती. पापनिवेदनाची खुर्ची मोडली, मचाण उभें केलें. डिम्सडेलपुढें दोनच वाटा राहिल्या: गप्प राहणें किंवा चव्हाट्यावर ओरडणें. जेथें सगळें सांगतां येतें आणि सांगितलेलें बाहेर जात नाहीं, असा एकही कान त्यास नव्हता. हॉथॉर्नला हें जाणवलें असावें. १८६० च्या ‘द मार्बल फॉन’ कादंबरींत त्यानें हिल्डा नांवाच्या प्युरिटन मुलीस, दुसऱ्याच्या खुनाचें गुपित सोसेनासें झालें तेव्हां, रोमच्या संत पेत्राच्या मंदिरांत धर्मगुरूपाशीं गुडघे टेकावयास लाविलें आहे.

पण आपल्याकडे खुर्ची आहे म्हणून छाती फुगविण्याचें कारण नाहीं. तिच्याशीं जाऊन ‘विचारानें, बोलण्यानें पाप केलें’ इतकेंच म्हणून उठणारे आपल्यांत थोडे नाहींत. भावाच्या वांटणींतला बांध सरकविला असेल, तर तो बांध सांगावा लागतो, आणि नंतर परत मागेंही सरकवावा लागतो. परतफेडीशिवाय पश्चात्ताप पुरा होत नाहीं हें आपण धर्मशिक्षणांत शिकलों आहों. माहुलीच्या शास्त्रीबुवांचा धर्म आपला नव्हता, पण गादी न सोडतां प्रायश्चित्त मागणाऱ्यास त्यांनीं हेंच कळविलें होतें.

आणि मचाणही गेलेलें नाहीं. माणसास वाळींत टाकण्याची चाल महाराष्ट्रांत इतकी चिवट कीं, २०१६ मध्यें तिच्याविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. कायदा पंचांस अडवील. मिस्सेहून परततांना एखाद्या मुलीकडे पाहून ज्या नजरा एकमेकींस भेटतात, त्यांस तो कसा अडविणार? हेस्टरच्या छातीवर अक्षर लावणारेही रविवारीं मंदिरांतूनच येत होते.

हॉथॉर्नची धाकटी मुलगी रोझ हिनें १८९१ सालीं कॅथॉलिक धर्म स्वीकारला. कर्करोग स्पर्शानें जडतो अशी तेव्हां लोकांची समजूत होती, आणि गरीब रोग्यांस कोणी घरांत घेईना. न्यूयॉर्कच्या दरिद्री वस्तींत खोल्या घेऊन तिनें अशा रोग्यांच्या जखमा स्वतःच्या हातांनीं धुतल्या. पुढें ती मदर अल्फोन्सा झाली, आणि १९२६ सालीं वारली. तिनें स्थापिलेल्या डोमिनिकन भगिनी आजही कर्करोग्यांची सेवा करितात, आणि त्याबद्दल रोग्याकडून पैसा घेत नाहींत.