दुधाचा पगार आणि इन्कम टॅक्स

(ऑगस्ट 2025 मधल्या प्रसारणाच्या संहितेवरून)



मागच्या आठवड्यात आमच्या लोणी भापकरला मल्लिकार्जुनाच्या देवळाजवळ ओळखीचे एक आजोबा भेटले. मी बारामतीत लोकांची रिटर्न भरून देतो, हे त्यांना ठाऊक. म्हणाले, "शेतकऱ्याला टॅक्स नसतो ना? मग बँक माझं व्याज का कापती?"

आजोबांची जमीन रस्त्यात गेली. भरपाईचे तीस लाख आले, ते त्यांनी मुदत ठेवीत टाकले. भूसंपादनाच्या 2013 च्या कायद्यानं भरपाईवर आयकर नाही, हे खरं. पण ठेवीवरचं व्याज म्हणजे काही शेतीचं उत्पन्न नव्हे. वर्षाचं व्याज झालं 2 लाख 10 हजार आणि त्यातून दहा टक्के टीडीएस, म्हणजे 21 हजार कापले गेले. बँकेचं यात चुकलं नाही. वर्षाच्या सुरुवातीलाच 15 एच फॉर्म दिला असता, तर हे पैसे कापले गेले नसते. आजोबांचं शेतीबाहेरचं उत्पन्न तीन लाखांच्या आत, म्हणजे कर शून्य. तरीही ते 21 हजार रिटर्न भरल्याशिवाय परत येणार नाहीत. आधीच्या दोन वर्षांचेही असेच गेलेत. त्यासाठी आता उशीर माफ व्हावा म्हणून वेगळा अर्ज करावा लागेल. तो मंजूर होईलच, असं मी त्यांना सांगितलं नाही.

पतसंस्था सभासदाच्या व्याजातून सहसा काही कापत नाही. म्हणून ते व्याज करमुक्त होतं, असं मात्र समजू नका.

आता दुधाचं. आपल्याकडे दर दहा दिवसांनी दुधाचा 'पगार' होतो आणि घरातले सगळे तो शेतीतच धरतात. आयकर खातं धरत नाही. ऊस, ज्वारी, डाळिंब ही शेती; गाईंचं दूध आणि पोल्ट्री हा धंदा. पण घाबरू नका. 44 एडी कलमाखाली, पैसे बँकेतून आले असतील तर उलाढालीच्या किमान सहा टक्के नफा दाखवता येतो. दहा लाखांच्या दुधाला साठ हजार. पेंडीच्या पावत्या जपत बसायला नको.

घरात एकजण शिक्षक किंवा एमआयडीसीत कामाला असेल, तर खरी गंमत पुढे आहे. शेतीचं निव्वळ उत्पन्न पाच हजारांच्या वर गेलं की 'सहज' फॉर्म चालत नाही. उसाच्या उत्पन्नावर कर नाही, पण पगाराचा दर ठरवताना ते मोजलं जातं. नव्या पद्धतीत आठ लाख करपात्र पगार आणि दोन लाख शेती असेल, तर कर तीस हजारांऐवजी चाळीस हजार, वर सेस. म्हणून सातबारा कुणाच्या नावावर आहे, ते आधी बघा. वडिलांच्या नावावरच्या रानाचं सगळं उत्पन्न पोराच्या रिटर्नमध्ये घातलेलं मी कितीदा पाहिलंय! कारखान्याचं बिल आणि बाजार समितीची पट्टी ज्याच्या नावाची, त्याच्या पिशवीत ठेवा.

"बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही," असंही सगळे सांगतात. ते यंदाच्या एप्रिलपासूनच्या कमाईला लागू आहे. आत्ता भरतोय ते 31 मार्च 2025 ला संपलेल्या वर्षाचं रिटर्न, आणि त्याला नव्या पद्धतीत सवलत सात लाखांपर्यंतच. मुलांची शाळेची फी, विमा, सुकन्या खातं, घराच्या कर्जाचं मुद्दल या वजावटी जुन्या पद्धतीत मिळतात. दोन्ही हिशेब करून बघा. मात्र मुदत चुकली की जुनी पद्धत निवडता येत नाही.

आणि चौकातला कुणी "दोन टक्के द्या, मोठा रिफंड काढतो" म्हणाला, तर त्याच्या नादी लागू नका. खोट्या देणग्या दाखवून काढलेल्या अशाच रिफंडांसाठी खात्यानं 14 जुलैला देशभर दीडशे ठिकाणी तपासणी केली. सही तुमची असते, नोटीसही तुम्हालाच येते.

यंदा 31 जुलैची मुदत वाढून 15 सप्टेंबर झाली आहे. भरल्यावर तीस दिवसांत ई-व्हेरिफाय करा, नाहीतर भरलेलं रिटर्न न भरल्यासारखंच. त्याआधी एक काम उद्याच करा: घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं पॅन आधारला जोडलंय का, ते बघून घ्या.