दुसरा फ्लॅट आणि हाती उरणारं भाडं
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



आपल्यातल्या काहींनी दुसरा फ्लॅट भाड्यासाठी घेतलाय, मीही त्यातलाच. महिना ६,००० म्हणजे वर्षाला ७२,००० असं लोक धरतात. कुठले हो! मागच्या वर्षी महिनाभर घर रिकामं, ६,००० गेले. रंग, नळ, गिझर ८,०००. मेंटेनन्स ८,४००. घरपट्टी भरायच्या आधीच उरले ४९,६००.

जालन्यात भाडेकरू आधी पाण्याचं विचारतो, मग भाड्याचं. २०१२-१३ च्या दुष्काळात आपण सगळेच टँकरमागे धावलो. जायकवाडीची पाइपलाइन आली, तरी ‘नळ किती दिवसाआड?’ हा प्रश्न काही सुटत नाही.

‘ओळखीचा माणूस आहे, कागद कशाला?’ असं इथे सर्रास चालतं. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, अन् ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसली, तर अटींच्या वादात भाडेकरूचं म्हणणं आधी ग्राह्य धरतात.

आता थोडं आपल्या कमिटीला, रागावू नका. नॉन-ऑक्युपन्सी आकार सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर घेता येत नाही. २००१ च्या शासन आदेशातच तसं आहे. पण भाडेकरूंच्या पोरांनी आवारात खेळायचं नाही, हे कुठल्या आदेशात? एमआयडीसीतल्या स्टील कारखान्यात काम करणारं माझ्याकडचं कुटुंब याच कारणानं गेलं. वरच्या हिशेबातला रिकामा महिना तो.